ओसवाल्डचा दम आणि आमचं स्तोत्र

...नाही, पण मला सांगा, ही स्तोत्राची चाल ज्यानं कुणी काढली त्यानं कधी चार माणसांना एकत्र गायला लावलं होतं का हो? सूर मूठभर आणि शब्द पोतंभर! अख्खी ओळ एकाच सुरावर दामटायची आणि मग मध्येच कुठल्यातरी शब्दावर, कुठल्या ते देवालाच ठाऊक, सूर बदलायचा... तुम्हाला सांगते, आमच्या नेदरकोटच्या चर्चमध्ये दर रविवारी ग्वेंडोलिनचा बारीक आवाज परमेश्वरापर्यंत पोचलेला असतो, मी वाटेत, आणि समोरच्या बाकावरचा ओसवाल्ड आपल्या खर्जात अजून स्तोत्रातल्या शत्रूंच्याच तावडीत!

शेवटी पाद्रीसाहेब म्हणाले, अगदी गोड आवाजात हं, "या रविवारी जमलं नाही, तर यापुढे स्तोत्र नुसतं वाचू या, काय?" वाचू या! म्हणजे आम्ही गाणाऱ्यांनी झगे घालून शोभेला बसायचं? ओसवाल्डचं तर तोंडच उतरलं. बायको गेल्यापासून रविवारचं गाणं, एवढंच उरलंय हो त्याला.

झालं, ऑर्गन वाजवणाऱ्या ट्रेडगोल्डबाई इरेला पेटल्या. आधी पुस्तकात लाल पेन्सिलीच्या खुणा. "लाल दिसलं की सूर बदला!" ओसवाल्ड म्हणतो, "बाई, मला लाल रंग दिसतच नाही." घ्या! मग निळ्या खुणा केल्या, तर ग्वेंडोलिन चष्मा विसरली. सूर मूठभर, शब्द पोतंभर, आणि वर हे असले डोळे!

शेवटी बाई वैतागल्या. "खुणा राहू द्या. आधी ओळ बोला, शेजारणीशी बोलता तशी. मग त्याच लयीत गा. आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघा. तो श्वास घेईल तेव्हा तुम्ही घ्या."

समोरच्याच्या? माझ्यासमोर ओसवाल्ड! ज्यानं जत्रेत परीक्षक होऊन माझ्या संत्र्याच्या मार्मालेडला तिसरा नंबर दिला! तेव्हापासून मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. पण बघितलं. आणि काय दिसलं सांगू? मेला रेंगाळत नव्हता हो... त्याला दमच पुरत नव्हता! मग मी थांबले त्याच्यासाठी. मी थांबले म्हणून ग्वेंडोलिन थांबली. ग्वेंडोलिन! थांबली!

आणि रविवारी? सगळे एकाच शब्दावर, एकदम! ओसवाल्डनं डोळे पुसले, आणि मी... मला सर्दी होती.

तेवढ्यात पाद्रीसाहेब धावत आले, "अप्रतिम! इतकं सोपं असेल, तर पुढच्या रविवारपासून सगळं गावच तुमच्याबरोबर गाईल!"

गाव! सूर मूठभर, शब्द पोतंभर, आणि आता गळे चर्चभर!

ओसवाल्ड म्हणाला, "चल, चहा घेऊ."

गेले. करते काय!