चार दिवसांसाठी नवीन कशाला?

नाही हो, घसा नाही बसलेला माझा! आल्यापासून बघतेय, जो येतो तो गरम पाण्याचा पेला पुढे करतोय, "घ्या, घोटभर घ्या, मोकळं वाटेल"... अहो काय मोकळं वाटणार, घसा माझा ठणठणीत आहे, आवाज खरखरतोय ती वेगळीच भानगड आहे! आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, कारण घरात कोणी ऐकून घेत नाही आणि बाहेर कोणाला खरं वाटत नाही. ठेवा तो पेला तिथेच. बसा.

तर मला दिवस गेले. आता आनंदाची गोष्ट, नाही का? पण आनंद होतोय न होतोय तोच जो तो खरेदीचं सांगायला लागला. मीही गेले हो दुकानात, नाही असं नाही. दुकानातली मुलगी एवढी गोड... "मॅडम, हा ड्रेस बघा, पोटाला इलॅस्टिक आहे, हा पाचव्या महिन्यापर्यंत, मग पुढे हा, आणि शेवटी शेवटी हा मोठा..." मी म्हटलं, अगं, आणि त्यानंतर? "त्यानंतर काय मॅडम, त्यानंतर ठेवून द्यायचे!" ठेवून द्यायचे! मी चिठ्ठी उलटून किंमत बघितली आणि सांगते तुम्हाला, बाळाने पहिली लाथ तेव्हा मारली. तशीच उलट पावली घरी आले. मला सांगा, चार दिवसांसाठी नवीन कशाला घ्यायचं?

आधी नवऱ्याचे शर्ट घातले. फुकट, सैल, हवेशीर. फक्त झालं काय, शर्ट घातला की दिवसभर माझ्या तोंडून दोनच शब्द निघायचे... "हं. बघू." सासूबाई विचारायच्या, भाजी कोणती करू? "हं. बघू." शेजारीण विचारायची, मुलगा हवा की मुलगी? "हं. बघू." मला वाटलं थकवा असेल. नवरा तर इतका खूश! म्हणाला, "घरात कशी शांतता आहे हल्ली!"

मग शर्टाची बटणं पोटावर लागेनात आणि नणंदेने पिशवी आणून दिली. आमच्या नात्यात आणि माझ्या ऑफिसात मिळून ती एकच पिशवी फिरते, जिला दिवस जातील तिच्या घरी. कापडी, भलीमोठी, बंद तुटून पुन्हा शिवलेले. आत सगळं... ढगळ ड्रेस, झगे, झबली, टोपडी, दुपटी. मला तर घबाड मिळाल्यासारखं झालं. नवीन घेतात ते वेडे!

आता माझं काम काय ते सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारी ऐकते, फोनवर. कानाला ते यंत्र लावायचं आणि म्हणायचं, "नमस्कार, आपली तक्रार सांगा." आणि स्वतःचं कौतुक करू नये, पण आवाज कसा होता माझा! नळाला पाणी नाही म्हणून तावातावाने फोन करणारा माणूस माझं नुसतं "नमस्कार" ऐकून निवायचा. एक जण तर म्हणाला होता, "राहू द्या ताई, नाही आलं पाणी तरी चालेल." त्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना, "आता बाळाला सगळं ऐकू येतं. बोलत जा त्याच्याशी. आईचा आवाज पोटातूनच ओळखतं ते." मी मनात म्हटलं, वा! माझ्याकडे देण्यासारखं दुसरं आहे तरी काय? पैसा नाही, रूप बेताचं... आवाज तेवढा आहे. आणि तोही फुकट!

तर नणंदेचा जांभळा ड्रेस घालून ऑफिसला गेले. नणंद शाळेत शिकवते. पहिला फोन आला, मी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून काय निघावं? "उभं राहून बोला! आणि पूर्ण वाक्यात!" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हळूच, "बाई, आमच्या गल्लीत दोन दिवस झाले पाणी येत नाही." "का येत नाही? काल काय करत होतात?" अहो, नणंदेचाच आवाज! तोच हेल, तसंच नाकातून! शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी घाईघाईने आपली नखं बघितली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॅशियरबाईंचा निळा ड्रेस घातला, दवाखान्यात जायचं होतं. डॉक्टरीणबाई तपासतायत आणि मी आपली जोरात, "सुट्टे द्या! सुट्टे नसतील तर बाजूला व्हा! पुढचा!" डॉक्टरीणबाई चक्क उठून बाजूला झाल्या हो! मग म्हणाल्या, "होतं असं. शरीरात बदल होत असतात."

कसले बदल! तिथून ऑफिसला आले, थेट बाथरूममध्ये गेले, कडी लावली, ड्रेस काढला, आरशात बघून म्हटलं, "नमस्कार." माझा आवाज. ड्रेस घातला. "नमस्कार काय, सुट्टे काढा!" काढला. "नमस्कार." घातला... "पुढचा!" ज्या बाईचा कपडा, तिचा आवाज! बाहेरून कोणीतरी दार वाजवून विचारलं, "आत कॅशियरबाई आहेत का? माझं बिल राहिलंय."

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? पिशवी बांधून परत दिली असती, दुकानात जाऊन स्वतःच्या मापाचा स्वतःचा कपडा आणला असता. कळत होतं मला. पण ती किमतीची चिठ्ठी डोळ्यांपुढे नाचायची. चार दिवसांसाठी नवीन कशाला? म्हटलं, पिशवीत एवढे कपडे आहेत, एखादीचा आवाज बरा निघेल की!

आणि तळाशी सापडला तो हिरवा झगा. फिकट हिरवा, पायघोळ, पुढून बटणं. एक टाका उसवलेला नाही, रंग गेलेला नाही, जणू कोणी घातलाच नव्हता. फक्त उजव्या खिशाचं अस्तर झिजून पार जाळी झालेलं. मला कळेना, सगळा झगा कोरा आणि खिसाच तेवढा कसा झिजला? घातला अंगात, हात खिशात गेला... आणि आपोआप पोटाखाली जाऊन टेकला. असा. कोणीतरी जपून काही धरावं तसा. मी बोलून बघितलं, "नमस्कार." हळू आवाज, जरा खरखरीत. ओळखीच्या कोणाचाच नाही. मी खूश! छडी नाही, सुट्टे नाहीत, अजून काय पाहिजे?

मग दुपारी मी ओट्यापाशी कांदा चिरत होते, घरात दुसरं कोणी नाही, सासूबाई तेवढ्या बाहेर गॅलरीत. आणि ऐकू आलं... "या वेळी थांब हं."

सुरी हातातच राहिली. माझ्याच तोंडून निघालं होतं ते! मी तर मनात कांद्याचा भाव मोजत होते. "थांब हं बाळा. या वेळी थांबशील ना?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं? बसायला सांग की त्यांना."

मी नणंदेला फोन लावला. "हिरवा? माझा नाही बाई. पिशवीत आधीपासूनच होता. मी नाही घातला. तूही..." आणि पुढचं बोललीच नाही. नणंद! जी वाक्य पूर्ण केल्याशिवाय कोणाला घरी सोडत नाही ती! कॅशियरबाईंना विचारलं. त्या नोटा मोजायच्या थांबल्या. "घातला होता एकदा. संध्याकाळी घडी करून ठेवला. तू पण ठेव." म्हटलं, अहो पण का? कोणाचा आहे? तर माझ्याकडे न बघता, "सुट्टे आहेत का तुझ्याकडे?"

ऑफिसात तर कहरच झाला. फोन आला, कोणी म्हातारे गृहस्थ होते, टाकी गळतेय म्हणून तक्रार. मी म्हटलं, "नमस्कार, आपली तक्रार सांगा." पलीकडे नुसता श्वास. मग इतकं हळू... "अगं, तू?" मी म्हटलं, "मी कोण?" "कुठे आहेस? बाळ... बाळ आहे ना तुझ्याजवळ?" आणि मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडाने उत्तर दिलं, "आहे. या वेळी आहे." फोन बंद झाला. समोर पडद्यावर त्यांचा नंबर दिसत होता हो! उलट फोन करून विचारता आलं असतं. पण ऑफिसातून बाहेर फोन करता येत नाही आणि स्वतःच्या फोनवरून करायचा म्हणजे आपले पैसे... असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला खरं सांगू? पैशाचं निमित्त होतं. मला ऐकायचंच नव्हतं. माझ्या पोटात लेकरू होतं, मी घाबरले होते. साहेबांना मात्र तो आवाज फार आवडला. म्हणाले, "हाच ठेवा. लोक लवकर फोन ठेवतात."

तुम्ही म्हणाल, मग काढून का नाही ठेवलास झगा? काढला होता. पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली होती. पण पोटातलं लेकरू हलेचना हो! सकाळपासून हललं नाही. मी जांभळा घातला, नणंदेच्या आवाजात दटावून बघितलं, "हालचाल कर पाहू!" काही नाही. निळा घातला, काही नाही. माझा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी खुर्चीवर चढून, तशा अवस्थेत, सासूबाई खालून ओरडतायत, "अगं पडशील!" आणि मी माळ्यावरून पिशवी ओढली, झगा अंगात घातला. "थांबलास ना रे?"... आणि आतून अशी सणसणीत लाथ! मी तिथेच फतकल मारून रडले.

त्यानंतर नाही काढला. रोज संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. आणि लाज वाटते सांगायला, पण ती जे बोलायची ना बाळाशी, ते मलाही ऐकावंसं वाटायला लागलं. माझ्याच्याने असलं काही बोलवलं नसतं. मी पोटाशी काय बोलणार? "दुपटी स्वस्तात पडली रे"? ती मात्र त्याला ऊन कसं असतं ते सांगायची, पायऱ्या कशा उतरायच्या ते सांगायची... आणि सगळ्याच्या शेवटी, थांब हं.

दवाखान्यात झगा काढायला लावला. तिथला घातला, तो पांढरा, पाठीमागे बांधायचा. आता विचार करा, तो किती बायकांनी घातलेला! पहिली कळ आली आणि मी ओरडले तर खोलीत जत्रा भरल्यासारखा गलका. कोणी आईला हाक मारतेय, कोणी नवऱ्याला शिव्या देतेय, कोणी नुसतीच हसतेय... सगळ्या माझ्याच घशातून! नर्स धावत आली, दारात थबकली. "बाई, एकट्याच आहात ना आत?" मी म्हटलं, काय माहीत! आमचे हे बाहेर बाकावर. नंतर म्हणाले, "किती जणी होत्या गं तुझ्याबरोबर?"

मुलगी झाली. थांबली हो, थांबली ती!

घरी आले आणि ठरवलं, बास. आता माझ्या लेकीशी मी माझ्या आवाजात बोलणार. पण घालू काय? माझे जुने सुती ड्रेस मी आधीच फाडून लंगोट शिवले होते, मऊ कापड, वाया कशाला घालवायचं? तेव्हा, ऐका बरं का, मी दुकानात गेले आणि नवीन गाऊन घेतला! पुढून बटणं, पाजायला सोयीचा, पूर्ण किंमत मोजून! नवऱ्याने पावती बघितली आणि माझ्या कपाळाला हात लावला, ताप आहे का म्हणून. "नवीन? तू?"

घातला. आरशासमोर उभी राहिले. "नमस्कार." अहाहा... माझा आवाज! किती दिवसांनी! मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "बाळा, मी आई."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे बघत राहिली. कोणी यायचं राहिलंय असं. मी पुन्हा म्हटलं, "अगं, मी आई." ओठ थरथरला आणि तिने जो टाहो फोडला! आणि टाहो कोणाच्या आवाजात? माझ्या! माझ्याच ड्रेसांचे लंगोट ना! सासूबाई कौतुकाने म्हणतात कशा, "रडणं अगदी आईवर गेलंय." दिवेलागण झाली तरी थांबेना. श्वास कोंडायला लागला तिचा. शेवटी काय करणार? नवीन गाऊन काढला, हिरवा झगा घातला. "आले गं, आले. थांबलीस ना?"

गप्प. माझ्या तोंडाकडे बघून हसली. पहिल्यांदा. आता ती कोणाकडे बघून हसली ते मला नका विचारू. मी मात्र मांडीवर घेऊन बसले होते एवढं खरं. आणि मनात म्हटलं, बाई गं, तू जी कोण आहेस ती, माझ्या लेकीला थांबवलंस, राहा मग.

तर ही अशी गोष्ट, हाच तो झगा, आणि हा आवाज तिचा. म्हणून म्हणते घसा नाही बसलेला.

आता मध्यंतरी धाकट्या जावेला दिवस गेले. पिशवी द्यायची वेळ आली. झगा सोडून सगळं भरलं, वर तो नवीन गाऊनही घातला. एका संध्याकाळपुरता वापरलेला, नुसता पडून राहणार होता, वाया कशाला घालवायचा? आणि गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मी उचलला, आणि पलीकडून... "नमस्कार ताई!" माझा आवाज! तोच, माणसं निववणारा! "गाऊन फार छान आहे हो. हे म्हणत होते, नवीन घेऊ. मी म्हटलं, चार दिवसांसाठी नवीन कशाला?"

काय बोलणार? मी म्हटलं, हो गं, कशाला. तेही या झग्यावालीच्याच आवाजात.

तेव्हापासून दुपारी मुलगी झोपली की फार आठवण येते हो स्वतःची. मग जावेला फोन लावते. एकच रिंग देते आणि कापते. करते बिचारी उलट फोन. मला सांगा, आवाज माझा, ऐकणारही मी, आणि वर पैसेही मीच भरू?