पहिली सही कुणाची

"मास्तर, पुलाचं काय झालं?" असं आता कुणी विचारलं, तर ह्यो चहा तसाच ठेवून मी उठणार, सांगून ठेवतो.

संकेश्वरजवळच्या आमच्या नदीवर पूल पायजे, म्हणून अर्ज मीच लिवलावता. पुण्यात कायदे कौन्सिलची पावसाळी बैठक चालू हुती, आमच्या भागातनं निवडून गेलेले मेंबरसाहेब तिथंच हुते. पण अर्जावर पहिली सही कुणाची?

पाटील आप्पा म्हणाले, "होळीत पहिली पोळी माझी पडते. सही बी माझीच."

तंबाखूचे व्यापारी चौगुले अण्णा म्हणाले, "होळी तुमची, कागद माझा. मी इंग्रजीत सही करतो."

आठ दिवस ह्यातच गेले. शेवटी वैतागून मी कागदावर ताटाएवढा गोल काढला. म्हटलं, "गोलावर सह्या करा. कुणी पहिला न्हाय, कुणी शेवटचा न्हाय."

तिघं पुण्याला गेलतो. मेंबरसाहेब घाईघाईनं बाहेर आले, कागद फिरवत फिरवत सह्या वाचल्या, म्हणाले, "पाच मिनिटं आहेत. तुमच्यातर्फे बोलणार कोण?"

दोघं एकदम उठले.

"तुम्ही बसा."

"का? तुम्हीच बसा की!"

तेवढ्यात बैठकीची घंटा झाली. साहेब आत गेले ते गेलेच.

परत आलो तर पावसानं नदी दुथडी भरलेली. नाव काठाला लागली, अन् हे दोघं पुन्हा थांबले. आधी पाय कुणी ठेवायचा? मी मागं भिजत उभा.

नावाडी तंबाखू मळत म्हणाला, "मास्तर, पूल न्हाय झाला ते लई बरं झालं. त्याच्यावरनं पहिलं कोण चाललं असतं?"