ताई बाहेर असताना

(नियंत्रण कक्षाला लागून असलेली छोटी खोली. पडद्यावर अवकाशस्थानकाच्या बाहेर काम करणारी ताई. टेबलावरच्या स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येतो.)

धाकटा — नाही मास्तर, आत्ताच सांगा तिला. तिची आई गेलीय आणि ती तिकडे बोल्ट काय फिरवत बसलीय!

मास्तर — हळू. माईक बंद आहे, तरी हळू. आधी बस. कशा गेल्या?

धाकटा — टीव्हीसमोरच. ताई दारातून बाहेर पडलेली दिसली, आई म्हणाली, 'जपून गं बाई,' आणि मान कलली. डॉक्टर आले, पण काही उरलं नव्हतं. मावशीला तिच्याजवळ बसवलं आणि तडक इथे आलो. फोनवर सांगायला जीभच रेटेना.

मास्तर — ऐक माझं. मी स्वतः बाहेर गेलोय. तिथे रडू आलं तर पाणी गालावर ओघळत नाही, डोळ्यावरच साचतं. पुसायला हेल्मेटच्या आत हात जात नाही. दिसेनासं झालं तर हूक कुठे लावणार ती?

धाकटा — दोरी असते ना कमरेला?

मास्तर — असते. पण पुढचा हूक लागल्याशिवाय मागचा सोडायचा नसतो. असं दांडीमागून दांडी धरत, नुसत्या हातांवर यायचं. पाय मागे तरंगत राहतात. हातमोजे असे ताठ, की दर वेळी मूठ वळायची म्हणजे टणक चेंडू दाबायचा. आणि ती दारापासून पार दुसऱ्या टोकाला आहे.

धाकटा — तुम्हाला बोलायला काय जातंय? आई माझी गेलीय.

मास्तर — हो रे. पण त्या पोरीला सरावाच्या टाकीतल्या पाण्यात वजनं बांधून मीच तयार केलंय. एका दिवसात दोघींना मुकायचंय का तुला?

ताई — मास्तर, जुनी बॅटरी निघाली! बोटं पार कामातून गेली. आई बघतेय ना? ... मास्तर? झोपलात की काय?

मास्तर — (माईकचं बटण दाबून) ऐकतोय, पोरी. छान काम.

ताई — आईला कळवा, माझा पोशाख फुगला नाही म्हणून. पहिला माणूस बाहेर पडला ना, त्याचा फुगून टम्म झाला होता. दारातून आत येता येईना, शेवटी पोशाखातली हवा सोडून कसाबसा घुसला. ही गोष्ट मी हौसेनं तिला सांगितली आणि पस्तावले! तेव्हापासून रोज एकच, 'तुझं माप नीट घेतलंय ना गं?'

धाकटा — द्या तो माईक.

मास्तर — अरे, नको...

धाकटा — ताई, मी बोलतोय.

ताई — तू? तू तिथे काय करतोयस? आईजवळ कोण आहे?

धाकटा — मावशी. मावशी बसलीय तिच्याजवळ.

ताई — आणि आई? बघतेय ना?

धाकटा — तू बाहेर पडलीस ते पाहिलं तिनं. मग... डोळे मिटले तिनं.

ताई — घ्या! लेक अधांतरी लटकलीय आणि मातोश्री घोरतायत! असू दे. काल रात्रभर टक्क जागी असणार. उठवू नका तिला.

धाकटा — नाही उठवत.

ताई — आवाज का असा तुझा?

धाकटा — सर्दी झालीय. तू कामाकडे बघ. हूक नीट लाव.

ताई — आता तू शिकव मला!

मास्तर — बंद केला माईक. रड आता.

धाकटा — खोटं एकच बोललो, मास्तर. सर्दीचं.

मास्तर — तू बस इथेच. नवी बॅटरी बसवून परत यायला तिला बराच वेळ लागेल. स्थानकातल्या तिच्या जोडीदाराला वेगळ्या लाईनवर सांगून ठेवतो, आत आल्यावर तिच्याजवळ राहील.

धाकटा — पण सांगणार मी.

मास्तर — तूच सांग.

ताई — (काही तासांनी, स्पीकरवरून) आले बाई एकदाची आत! दार लागलं, हवा भरली, हेल्मेटही निघालं. अंग नुसतं ठणकतंय. मास्तर, आता आईला फोन जोडून द्या. उठली असेल.

धाकटा — ताई.

ताई — तू अजून तिथेच?

धाकटा — ताई, आई उठणार नाही गं आता.

ताई — म्हणजे?

मास्तर — पोरी, ऐकतेयस ना?

ताई — कधी?

धाकटा — तू बाहेर पडलीस तेव्हाच. तुला बघता बघता.

ताई — मग मी मघाशी हसत होते, तेव्हा...

धाकटा — हो.

ताई — अरे, मग मला... नाही. सांगितलं असतंस तर मी... मला काही सुचत नाहीये रे.

धाकटा — नको बोलूस. मी आहे लाईनवर.

ताई — माझी वाट बघू नका. मला यायला अजून दोन महिने आहेत. तिला तसं ताटकळत ठेवू नका.

धाकटा — मावशी तेच म्हणत होती. तू हो म्हटल्याशिवाय मी कोणाला हात लावू दिला नाही.

ताई — हो म्हणतेय मी. ... तू एकटाच होतास का रे तेव्हा?

धाकटा — एकटाच.

ताई — मास्तर, त्याला गाडी चालवू देऊ नका. घरापर्यंत सोडून या.