आबेनामावशीच्या खुर्चीत चार तास

अन्वी : ताई, हा पहिला परिच्छेद वाचून मला झोप आली. आणि सहाला अर्ज बंद होणार!

ईप्सिता : माहितेय. पावणेपाच झालेत. आधी तुझ्या वेण्या माझ्या लॅपटॉपवरून काढ.

अन्वी : ‘लहानपणापासून मला लोकशाहीविषयी कुतूहल आहे.’ खोटारडी! लहानपणी तुला फक्त गुमीबेअरविषयी कुतूहल होतं.

ईप्सिता : मग काय लिहू? जर्मनीतले ब्लॅक मतदार मत का देतात, का देत नाहीत, यावर बीएचा प्रबंध केला. मुलाखती ठरवल्या चाळीस, मिळाल्या अकरा?

अन्वी : गेनाऊ! अगदी हेच लिही.

ईप्सिता : अकरा वाचून अमेरिकेत मास्टर्सला कोण घेईल गं मला?

अन्वी : अगं, पहिल्या महिन्यात तर शून्य होत्या! काळा ब्लेझर, फाइल, आणि नाव सांगायच्या आधीच माहिती गुप्त ठेवण्याचा तो चार पानी दातेनशुत्झचा फॉर्म. त्या आफ्रिकन वेण्यांच्या सलूनमध्ये कोणीच मुलाखत देईना. सलूनवाल्या आबेनामावशीला वाटलं, कुठल्यातरी सरकारी आम्टमधून तपासणीला आलीस.

ईप्सिता : संमती घ्यावीच लागते, बाई.

अन्वी : घे की. पण आधी बस तरी! मी वेण्या घालून घ्यायला चार तास बसले. तू कंटाळून फाइल मिटलीस, आणि मावशी आपणहून बोलायला लागली.

ईप्सिता : हो... एकोणीस वर्षं जर्मन पासपोर्ट. तरी मतदान केंद्रावर तिचंच ओळखपत्र दोनदा बघतात.

अन्वी : आणि तुझा सिद्धान्त काय होता?

ईप्सिता : असं वागवलं, की लोक मत द्यायला जाणं सोडतात.

अन्वी : आणि मावशी?

ईप्सिता : ठेवणीतले कपडे घालून सकाळी आठला रांगेत पहिली. म्हणाली, ‘दोनदा बघतात ना? मग दोनदा बघण्यासारखं दिसायला हवं.’ आणि मग तिनेच फॉर्म मागून सही केली.

अन्वी : मग लिही ना, माझा अंदाज चुकला! म्हणूनच पुढे शिकायचंय, असं लिही.

ईप्सिता : थांब. बोलू नकोस. टाइप करते.

(ईप्सिता तासभर टाइप करते.)

अन्वी : पाच पन्नास, ताई!

ईप्सिता : गेला.

अन्वी : अकराच लिहिलंस?

ईप्सिता : अकराच. आणि चुकले, हेही.

अन्वी : झ्याक! आल्झो, तर आता माझं काम. रविवारी मला सातला उठव.

ईप्सिता : तुला? रविवारी? सातला?

अन्वी : लांडटागचं, आपल्या राज्याच्या विधानसभेचं मतदान आहे. सोळा पूर्ण झाली ना मला, इथे मत द्यायला तेवढी पुरतात! आणि आईचा तो ठेवणीतला निळा कुर्ता इस्त्री करून ठेव.