अध्यक्षपदासाठी एक मत

वेदनातज्ज्ञांच्या संघटनेत अध्यक्षाची निवडणूक होती. मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे दोन डॉक्टर उभे होते, एक टकले आणि एक चष्मेवाले.

“मणक्यात सुई कशी घालायची ते माझ्याकडे शिकला, आणि आता अध्यक्ष व्हायला निघालाय,” टकले म्हणाले.

“हात हलका आहे हो त्याचा.”

“मला सांगता? माझी सख्खी बहीण कंबर धरून माझ्या दवाखान्यावरून त्याच्याकडे जाते.”

“म्हणजे मत विरोधात.”

“छे, त्यालाच. एकदा अध्यक्ष झाला की सभा, परिषदा, भाषणं. दवाखान्यात बसायला वेळ कुठला? पेशंट झक मारत माझ्याकडे येतील.”

“मागचे अध्यक्षही असेच फिरतीवर असायचे. त्यांचे पेशंट आले तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग गेले कुठे?”

रांग पुढे सरकली. टकले जागीच उभे होते.

“त्याच्याकडेच.”