नर निघेपर्यंत नाव नाही

रुकय्याभाभी, आणि इथे जमलेल्या माझ्या सगळ्या माणसांनो,

मी वैशाली. अर्दियाच्या आमच्या पीकतपासणी प्रयोगशाळेत नऊ वर्षं दाऊदभाईंच्या शेजारच्या टेबलावर बसले. सोमवारी ते कामावरून घरी पोहोचले, छातीत कळ आली आणि गेले. आज बोलायला उभी राहिले आहे. दुःख आहेच. पण खरं सांगते, त्याहून जास्त भीती आहे.

कसली भीती? एका माशीची.

भाजीच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ तुम्ही पाहिली असेल. नागअळी पान आतून पोखरत जाते, तिची ती वाट. त्या अळीची पुढे तिळापेक्षा लहान, काळी-पिवळी माशी होते. त्यातली एक जात इथली जुनी आहे, फवारणीने आटोक्यात राहते. दुसरी इथल्या मळ्यांत अजून सापडलेली नाही. सापडली, तर उभं पीक उपटून जाळायचं. दोघी दिसायला सारख्या. मादीवरून काही सांगता येत नाही. नर पकडायचा, त्याच्या पोटाचं टोक मायक्रोस्कोपखाली उघडायचं, तेव्हा कुठे नाव कळतं. हे दाऊदभाईंना येत होतं. मला अर्धवट येतं.

भाभी, एक गोष्ट त्यांनी तुम्हालाही सांगितली नसेल. मागच्या हिवाळ्यात एगैलाला माझ्या घरी, गॅलरीतल्या मेथीच्या कुंडीत मला ती दुसरी माशी मिळाली. नर होता, नावही बरोबर निघालं. मी हरखून गेले. सापडल्याचं ठिकाण, एगैला, असं लिहूनही टाकलं.

दाऊदभाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "अगो, भाजी कुठून आणतेस?"

मिरकाबच्या दुकानातून, म्हटलं. आपल्या देशातून विमानाने येते. निवडून झाली की देठं कुंडीत टाकते, खत होतं म्हणून.

ते म्हणाले, "मग माशी तुझ्याकडे निघाली गो, जन्मली कुठे?"

तो कागद पुढे गेला असता, तर आसपासच्या किती मळ्यांवर गदा आली असती? माझ्या एका कुंडीपायी? ते स्वतः घरी आले, कुंड्या रिकाम्या केल्या, सगळी माती पिशवीत बांधून नेली. महिनाभर चिकट सापळे लावले. एकही माशी आली नाही. मग नवा कागद केला: परदेशी भाजीतून आलेली, इथे वस्ती नाही. साहेबांना सगळं कळवलं, फक्त देठांचा मूर्खपणा कुणाचा, ते सांगितलं नाही. ते आज मी सांगते.

आणि आता ऐका. मागच्या आठवड्यात वफ्राच्या एका मझऱ्यावरून, म्हणजे शेतावरून, काकडीची पानं आली. ती इथेच वाढलेली, विमानाची सबब नाही. पानं बरणीत ठेवली, त्यातून चार माशा निघाल्या, चारही माद्या. मी घाईने नाव लिहायला घेतलं. दाऊदभाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "नर निघेपर्यंत नाव नाही." ते त्यांनी मला सांगितलेलं शेवटचं वाक्य.

आज सकाळी बरणीत नर निघाला. तो उद्या मायक्रोस्कोपखाली उघडायचा आहे.

त्या मझऱ्याचे अन्वरभाई मागे बसलेत. मघाशी दारात त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई, नाव कळलं?" आणि लगेच मान खाली घातली, अशा दिवशी विचारलं म्हणून. अन्वरभाई, लाजू नका. तुमचं पीक आहे. मी चुकून एक नाव लिहिलं, तर तुमचं सगळं जळेल. चुकून दुसरं लिहिलं, तर शेजारच्या सगळ्यांचं जाईल. उद्या सही माझी एकटीची आहे. मी फार घाबरले आहे. पण एवढा शब्द देते: जे दिसेल तेच लिहीन. नाही कळलं, तर कळलं नाही असं लिहीन. दाऊदभाईसुद्धा तसं लिहायचे, आणि खाली ठसठशीत सही करायचे.

पहिल्यांदा माशी उचलताना माझे हात कापत होते. ते म्हणाले, "माझेपण कापतात गो. कापू देत. श्वास तेवढा धर, नायतर माशी उडून जाईल."

नऊ वर्षं शेजारी बसून मला त्यांचे हात कापताना कधी दिसले नाहीत.

आता आपण सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. आणि सुरुवातीला, क्षणभरच, त्यांच्यासारखा श्वास धरा. माझ्याबरोबर धरा. उद्या मला एकटीला धरायचा आहे.