इनासबायची पेटी

न्हाय फादर, इनासबायच्या पेटीला खांदा द्यायला मला सांगू नका — तुम्ही कोर्लईत येऊन दोन महिने झाले, तुम्हाला कुणी सांगितलं नसंल — सांगितलं? मग? इनासबायच्या जेरोमला कोयत्यानं तोडणारा भागोजी तो मीच. एकुलता एक मुलगा तिचा. माझी सुपारीची वाडी, शेजारी त्यांची, मधून पाण्याचा पाट. त्यानं पाट अडवला, मी फोडला, त्यानं परत अडवला — आणि एका सकाळी मी त्याच्या मानेवर घाव घातला. एकात पडला न्हाय तो. दुसरा घातला. पाटातलं पाणी लाल होऊन माझ्या वाडीकडं आलं — त्याच पाण्यासाठी भांडत होतो आम्ही — जाऊ द्या.

कोर्टात वकील म्हणाला, भांडणात डोकं फिरलं. धा वर्षं आत काढली. सुटून आलो तर सख्ख्या भावानं, दत्तात्रेयनं, दार लावून घेतलं. मग कुठं जाणार? आलो इनासबायच्या ह्याच ओसरीवर. कोयता तिच्यापुढं टाकला, मान खाली घातली, म्हटलं, घाल बाय, एकदाचं मोकळं कर. तिनं उचलला. मी डोळे मिटले — आणि शहाळं फोडल्याचा आवाज आला. शहाळं, फादर! वर भात वाढला, बांगड्याचं कालवण. माझं टाळकंच सरकलं. हिला माफ करायला सांगितलं कुणी? ताट भिरकावलं, ते तिच्या कपाळाला लागलं, रक्त डोळ्यात उतरलं. तिनं पदरानं पुसलं आणि दुसरं ताट वाढलं.

चार वर्षं तिच्या वाडीत राबलो — झाडांवर चढलो, विहीर उपसली, हाताची सालटी काढली. म्हणायची, 'भागोजी, कुणासाठी मरतोयस? काम कर न्हायतर झोपून राहा, जेवण तेवढंच मिळंल.' असा राग यायचा! फुकटचं गिळवत न्हाय माणसाला. त्यापेक्षा लाथ बरी, ती आपली कमाईची तरी असते.

काय? व्हय, मी खांदा द्यावा ही तिचीच इच्छा होती, ठाऊक हाय मला. पण तुम्हाला सगळं कुठं ठाऊक हाय — म्हणजे — आता बोलतोच हाय तर — डोकंबिकं काही फिरलं नव्हतं माझं. दोन दिवस दगडावर कोयता घासत होतो. जेरोम एकटा कधी येतो ते हेरून ठेवलं होतं. कोर्टात न्हाय बोललो, कुणालाच न्हाय. गेल्या रविवारी तिला सांगितलं. अंथरुणाला खिळलेली बाई, तरी उठली हो! तोंडावर थुंकली, हाताला चावली — हे बघा, दात उठलेत अजून — इथल्या किरिस्तावांच्या पोर्तुगीज बोलीत शिव्या घातल्या, आणि शेवटचं मराठीत, मला नीट कळावं म्हणून: 'चालता हो! माझ्याकडं तुझ्यासाठी आता काही उरलं न्हाय.' बरं वाटलं मला. खरं सांगतो, चौदा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. जेवढं केलं तेवढं पदरात पडलं.

तीन दिवस इथंच ओसरीवर पडून होतो. चौथ्या दिवशी आतून हाक आली, 'पेज कर.' चमच्यानं भरवत होतो, तर म्हणते, 'तुझा गळा दाबावासा वाटतो मला. अजून वाटतो. माझ्यातलं सगळं संपलं. पण तुला दिलं ते माझं नव्हतंच रे. ज्यानं मला दिलं, त्याच्याकडचं आटत न्हाय.' मी विचारलं, मी असं काय केलं म्हणून तो देणार? म्हणाली, 'काहीच न्हाय. मी तरी काय केलं होतं?'

आता सांगा, हात लावू पेटीला? — बोला की! पोलिसांत वर्दी द्या, थोबाडीत मारा, काहीतरी करा — रडताय कशाला? जेरोम तुमचा कोण होता?

सोडा हात. सोडा म्हणतो ना. — डोक्याकडची बाजू मी घेणार न्हाय. पायाकडची घेतो. तुम्ही व्हा पुढं. आणि वळून बघू नका माझ्याकडं. जा.